जानापावचे सरडे

दादाने पहिल्यांदा सरडे घरी आणले तो दिवस मला वासासकट आठवतो. सरड्यांना स्वतःचा असा वास नसतो, पण त्या कापडी पिशवीला होता. चुरगळलेल्या पाल्याचा, मातीचा आणि महूच्या बसमधल्या तेलाचा. आईने त्याला जिन्याच्या वरच्या पायरीवरच अडवलं. "वसंता, आधी आंघोळ. मग तुझ्या पाहुण्यांना कुठे ठेवायचं ते बघू." दादा माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. गावातल्या एका कॉलेजात तो प्राणिशास्त्राचा डेमॉन्स्ट्रेटर होता, म्हणजे मुलांपुढे बेडूक फाडून दाखवायचे आणि तास संपला की बरण्या धुऊन जागच्या जागी ठेवायच्या. मी पंधराची, मॅट्रिकला अजून वर्ष बाकी होतं. पिशवी माझ्या हातात देऊन तो आंघोळीला गेला आणि मी ती अंगापासून हातभर लांब धरून गॅलरीत उभी राहिले. आत काहीतरी हळूहळू सरकत होतं.

आम्ही इंदूरला मल्हारगंजात एका घराच्या माडीवर भाड्याने राहत होतो. खाली रतनजींचा पत्र्याच्या पेट्या बनवायचा कारखाना. सकाळी आठाला हातोडी सुरू व्हायची ती दिवे लागेपर्यंत. पाहुण्यांना वाटे, या घरात माणसं राहतात कशी. आम्हाला मात्र ती थांबली की चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं. घरात आम्ही तिघंच असायचो, निदान हिवाळ्यात तरी. संस्थान जाऊन मध्य भारत झाला होता आणि या नव्या राज्याच्या राजधान्या दोन: उन्हाळ्यात इंदूर, हिवाळ्यात ग्वाल्हेर. बाबा संस्थानाच्या महसूल खात्यातून या नव्या सरकारात गेलेले, त्यामुळे दिवाळी झाली की वळकटी, लोटा आणि फायलींचे गठ्ठे घेऊन ते ग्वाल्हेरला जायचे आणि ऊन तापायला लागलं की परत यायचे. "सरकारलासुद्धा हवा मानवत नाही, तिथे आपली काय कथा," असं आई म्हणायची. बाबा नसले की घर मोकळं वाटायचं, हे मी आता लिहू शकते. जेवायला उशीर चालायचा, बोलणं लांबायचं, आणि दादा ताटावर बसून त्याची ती सरड्यांची गोष्ट सांगायचा.

एकदा त्याने पातेलं उपडं घातलं, त्याच्यावर वाटी उपडी ठेवली आणि शेजारी जमिनीवर भाकरीचा तुकडा. "ही भाकरी म्हणजे मंडलेश्वर. नर्मदेचा काठ, निमाड, नुसती भट्टी. हे पातेलं म्हणजे आपला माळवा. आणि ही वाटी जानापाव. महूच्या पुढचा तो डोंगर, आसपास त्याच्याएवढं उंच काही नाही. आता कुंपणावर मान हलवणारा साधा सरडा घे. तो भाकरीवरही आहे आणि वाटीवरही आहे. जात एकच. पण खालचा उन्हात वाढला, वरचा गारव्यात. मग दोघांना सारखंच ऊन सोसेल का?" आई म्हणाली, "तू आधी ते मंडलेश्वर खा, गार होतंय." तो हसला आणि त्याने भाकरी खाल्ली. पण प्रश्न त्याच्या डोक्यातून जात नव्हता. वरच्या सरड्याला उष्णता कमी सोसते, अशी त्याची खात्री होती आणि ती त्याला दाखवून द्यायची होती.

ते दाखवायची रीत सोपी होती आणि मला ती कधीच आवडली नाही. सरडा काचेच्या बरणीत ठेवायचा, बरणी पाण्याच्या घमेल्यात, घमेल्याखाली स्टोव्ह अगदी बारीक. बरणीत थर्मामीटर सोडलेला. पाणी तापेल तशी आतली हवा तापायची आणि दादा काचेच्या कांडीने दर थोड्या वेळाने सरड्याला उताणा करायचा. सरडा झटक्यात सुलटा व्हायचा. पुन्हा उताणा, पुन्हा सुलटा. मग एक वेळ अशी यायची की सरडा उताणाच राहायचा, पाय हवेत, तोंड उघडं. त्या क्षणी मी मोठ्याने थर्मामीटर वाचायचा, दादाने तो आकडा वहीत लिहायचा आणि सरड्याला लगेच ओल्या फडक्यावर काढायचं. बहुतेक वाचायचे. ते सुलटे होईपर्यंत माझा जीव टांगणीला लागलेला असायचा. सरडे पकडायलाही तो स्वतः जायचा, सायकलवरून राऊ, राऊवरून महू, आणि पुढे बसने किंवा पायी. काठीच्या टोकाला टांगेवाल्याकडून मागून आणलेल्या घोड्याच्या शेपटीच्या केसाचा फास. पिंजरे रतनजींनी करून दिले. "बाईजी, आज तलक तोते वास्ते बनाया, मिट्ठू वास्ते बनाया," ते आईला सांगत होते, "ये आपके भिया पेले हैं जो गिरगिट पाल रिये हैं." आईला त्यांची लाज वाटली की लेकाची, कळलं नाही, पण ती आत निघून गेली.

पहिल्या खेपेचे सरडे आश्विनात आले. दोन्हीकडचे सारख्याच संख्येने, पंधरा दिवस गॅलरीत शेजारीशेजारी ठेवलेले, म्हणजे सगळ्यांना हवा एकच मिळावी. मग दादाने एकेक तापवला आणि प्रत्येक वेळी तेच झालं. जानापावचा सरडा आधी उताणा राहायचा, मंडलेश्वरचा नंतर. फार नाही, दोनेक अंशांचा फरक, पण तो दर खेपेला पडायचा. शेवटच्या सरड्याला त्याने ओल्या फडक्यावर ठेवलं आणि माझे दोन्ही हात धरून गॅलरीत फेर धरला. खालून रतनजींची हातोडी चालली होती. दादाला मी इतकं आनंदात त्याआधी पाहिलं नव्हतं, आणि त्यानंतरही नाही.

त्याच्या विभागाचे हेड हिंदी बोलणारे, कडक, इस्त्रीच्या कपड्यातले गृहस्थ होते. त्यांनी वही चाळली आणि म्हणाले, "हम अपनी आँख से देखेंगे, तब मानेंगे." मार्गशीर्षात एखाद्या रविवारी येतो म्हणाले. त्यांच्या डोळ्यांदेखत हाच फरक पडला तर ते विद्यापीठाला लिहिणार होते आणि दादाचं नाव संशोधनाला लागणार होतं. म्हणजे बरण्या धुणं संपणार होतं. नाहीतर बाबांनी ग्वाल्हेरला एका कारकुनाच्या जागेसाठी आधीच शब्द टाकून ठेवला होता. बाबांचं म्हणणं, सरड्यांवर पोट भरत नाही. बाबांचं पत्र आलं की त्या दिवशी दादा जेवायचा कमी.

साहेबांना दाखवायच्या दुसऱ्या खेपेला मंडलेश्वरचे सरडे आधी आले, आणि जानापावला तो गेला तो नेमका कार्तिकी पौर्णिमेला. त्या दिवशी तिथे मोठी जत्रा असते. परशुरामाचा जन्म त्या डोंगरावरचा, असं तिकडे मानतात. वर कुंड आहे, जमदग्नींचं स्थान आहे. आईला हे आदल्या दिवशी शेजारणीकडून कळलं आणि ती चकितच झाली. आमचं घराणं चार पिढ्यांपूर्वी कोकणातून माळव्यात आलेलं. आईने ना कोकण पाहिलं, ना समुद्र. पण आपण परशुरामाची माणसं, त्याने समुद्र हटवून वसवलेली, हे तिला तिच्या आईने सांगितलं होतं आणि ते तिने गाठीला बांधून ठेवलं होतं. तो इतक्या जवळ जन्मलेला, पायी जाता येईल अशा डोंगरावर, आणि आपला मुलगा तिथे सरडे धरायला जातो! तिने दादाबरोबर नारळ दिला आणि कुंडाचं तीर्थ आणायला एक बाटली. संध्याकाळी दादा परत आला तेव्हा एकाच पिशवीत तीर्थाची बाटली होती आणि तिच्याशेजारी कापडात बांधलेले सहा सरडे. आईने तीर्थ देवापुढे ठेवलं. मग ती गॅलरीत आली आणि त्या सहा सरड्यांकडे बराच वेळ बघत राहिली. यावेळी तिने दादाला आंघोळीची आठवण केली नाही.

त्या वर्षी थंडी लवकर पडली. सकाळी गॅलरीतल्या लोखंडी कठड्याला हात लावला तर चटका बसावा तसं व्हायचं. आम्ही संध्याकाळी गराडूचे कंद तळून लिंबू पिळून खायचो, शेकोटीसाठी रतनजींची पोरं लाकडाचे तुकडे जमवायची. सरडे काळपट पडले, जागचे हलेनात. मी जुन्या पिठातल्या अळ्या त्यांच्यापुढे टाकायचे, त्या तशाच वळवळत राहायच्या. एका सकाळी जानापावच्या पिंजऱ्यात एक सरडा मेलेला निघाला. आई म्हणाली, "वसंता, यांना जरा आत घेऊ का? स्वयंपाकघराच्या दाराशी." दादा पायात जोडे घालत होता. "अजिबात नाही, आई. हातसुद्धा लावू नकोस. सगळ्यांना एकच हवा मिळाली पाहिजे, नाहीतर सगळं फुकट जाईल." आई हो म्हणाली. मेलेला सरडा तिने स्वतः कागदात गुंडाळून तुळशीच्या कुंडीत पुरला.

दुसऱ्या दिवशी मी शाळेतून आले (माझी शाळा सकाळची होती) तर गॅलरीत तीनच पिंजरे. जानापावचे तीन पिंजरे न्हाणीघरात होते, तांब्याच्या बंबाशेजारच्या कट्ट्यावर, वर गोणपाट टाकलेलं. सकाळच्या आंघोळी झाल्या तरी बंबातले निखारे दुपारपर्यंत धुमसत, आणि आईने त्यात आणखी दोन गोवऱ्या सरकवल्या होत्या. न्हाणीघरात चैत्रातल्यासारखी ऊब होती. "आई, दादाने सांगितलं होतं ना!" आई डाळ निवडत होती. तिने मान वर केली नाही. "देवाच्या डोंगरावरचे जीव आहेत ते. आपल्या घरात एक मेला, पुरे झाला. त्यांचं पाप त्याच्या डोक्यावर नको. तो सायन्सवाला, त्याला नाही कळायचं." "आणि मंडलेश्वरचे?" "ते कुंपणावरचे. त्यांचं त्यांना." मग म्हणाली, "कट्ट्यावर तीनच मावतात." चारला दादा यायच्या आत पिंजरे परत जागेवर ठेवायचं काम माझ्याकडे आलं. मी नाही म्हटलं नाही. खरं सांगायचं तर मलाही ते बरं वाटलं. गोणपाट बाजूला केलं की सरडे डोळे उघडून बघायचे, अंगावर पुन्हा रंग चढलेला असायचा, आणि अळी टाकली की चट्कन जीभ. "बघ, कशी खातात लेकरं," आई म्हणायची.

या सगळ्यात एक माझी वहीही होती. दादाने मला एक जाड पुठ्ठ्याची वही देऊन ठेवली होती. गॅलरीतलं तापमान सकाळी तो स्वतः बघायचा. दुपारी आणि संध्याकाळी मी बघून लिहायचं, आणि पुढे प्रत्येक पिंजऱ्याची हालहवाल. माझं अक्षर चांगलं. दादा म्हणायचा, "कुसुमच्या वहीवर डोळे मिटून विश्वास ठेवावा." मी रोज दुपारी गॅलरीतला थर्मामीटर वाचायचे, आकडा बरोबर लिहायचे, आणि पुढे लिहायचे, 'सर्व पिंजरे जागेवर.' आकडा खरा, वाक्य खोटं. पहिल्या दिवशी हात अडखळला. आठ दिवसांनी नाही अडखळला. दादाच्या लक्षात आलं की जानापावचे सरडे मंडलेश्वरच्यांपेक्षा जास्त खातात आणि जास्त हलतात. त्याने त्याचाही अर्थ लावला. वरचे थंडीला सरावलेले म्हणून तगले, असं त्याने लिहून ठेवलं. मी शेजारी बसून ते वाचलं. तेव्हा बोलता आलं असतं. अजून काहीच बिघडलं नव्हतं, निदान सांगितलं असतं तर दुरुस्त झालं असतं. या वयात मी स्वतःला पुष्कळ गोष्टींची माफी देऊन टाकली आहे, या दुपारची नाही.

हेडसाहेब रविवारी सकाळी आले. आईने पोहे केले होते, वर ओलं खोबरं आणि शेव, आणि बाजारातून जिलबी आणवली होती. दादाने बाहेरच्या खोलीत सगळं मांडलं. पहिला मंडलेश्वरचा सरडा बरणीत गेला. मी थर्मामीटर वाचत होते, साहेब मधूनमधून वाकून माझा आकडा तपासत होते. सरडा शेवटी उताणा राहिला. आकडा आश्विनातल्याच्या जवळपास, थंडीमुळे जरासा खाली. दादाने माझ्याकडे पाहून किंचित मान हलवली. मग दुसरी बरणी, जानापावचा. पाणी तापत गेलं. दादा कांडीने त्याला उताणा करायचा आणि तो झटक्यात सुलटा व्हायचा. तो जिथे पडायला हवा होता ती रेघ आली. सुलटा झाला. पुढची आली. सुलटा झाला. दादाच्या वरच्या ओठावर घाम आला होता. मी आकडे वाचत होते आणि माझा आवाज मलाच लांबून ऐकू येत होता. मंडलेश्वरच्या सरड्याने जिथे हात टेकले होते तिथे पारा पोचला तरी जानापावचा सरडा सुलटा होत होता. स्वयंपाकघराच्या दारात आई उभी होती. तिने पदराच्या आत हात जोडले होते आणि तिच्या चेहऱ्यावर हसू होतं. देवाचा सरडा हार मानत नव्हता, आणि तिला वाटत होतं, आपल्या मुलाचं काम फत्ते होत आहे.

दादाने जानापावचे पाचही तापवले. एक सोडून सगळे तसेच निघाले, खालच्यांच्या बरोबरीचे. हेडसाहेबांनी रुमालाने हात पुसले. जिलबी तशीच राहिली होती. "मिस्टर लेले," ते शांतपणे म्हणाले, "वो पहले वाले आँकड़े आपने लिए थे, कि बनाए थे?" दादा म्हणाला, "सर, लिए थे." "तो फिर ये क्या है?" दादाने माझी वही पुढे केली. "सर, रोज का टेम्परेचर है. सब एक ही जगह रखे थे. मेरी बहन ने लिखा है." साहेबांनी वहीची पानं उलटली, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "बच्ची ने तो ठीक लिखा है." मग जोडे घातले आणि जिना उतरून गेले. रविवार असल्याने खाली हातोडी बंद होती. त्यांचे जोडे शेवटच्या पायरीपर्यंत ऐकू आले.

दुपारी कुणी जेवलं नाही. दादा गॅलरीत पिंजऱ्यांसमोर उकिडवा बसला होता. तिन्हीसांजेला त्याने मला हाक मारली. आई चार हातांवर दिव्याची काच पुसत होती. "कुसुम, खरं सांग. रागावणार नाही. माझ्यामागे यांना कुणी हात लावला होता? उन्हात ठेवलं, आत नेलं, काहीही?" आईचा काच पुसणारा हात थांबला. मला तिचा चेहरा दिसत होता. तिला आता कुठे काहीतरी कळायला लागलं होतं, सगळं नाही, पण आपल्या हातून काहीतरी झालं आहे एवढं. मी म्हणाले, "नाही, दादा."

आईला वाचवायला खोटं बोलले, असं मी पुष्कळ वर्षं मनाशी म्हणत आले. आता म्हणत नाही. आईवर दादा रागावला असता, दोन दिवस जेवला नसता आणि संपलं असतं. मी खोटं बोलले ते माझ्या वहीसाठी. पानन्‌पान माझ्या अक्षरात होतं, साहेबांनीसुद्धा 'ठीक लिखा है' म्हटलेलं. ते सगळं खोटं आहे हे दादासमोर म्हणायचं माझ्या जिवावर आलं. पंधरा वर्षांच्या मुलीला एवढं पुरतं.

मला वाटलं होतं, तो पुन्हा विचारेल, खोदून विचारेल, आणि मग माझ्याने राहवणार नाही. पण त्याने विचारलंच नाही. त्याने माझ्यावर विश्वास ठेवला. "मग चूक माझीच," तो म्हणाला. "आश्विनात मला फरक पाहिजे होता, म्हणून तो मला दिसला. कांडी मीच फिरवत होतो. वरच्यांना जास्त वेळा उलटवलं असेल, थकवलं असेल. आकडा तू वाचलास, पण 'आता' मी म्हणत होतो." हे तो मला समजावून सांगत होता, अगदी शांतपणे, एरवी काही शिकवताना सांगायचा तसंच. आई दिवा घेऊन आत गेली.

दोन दिवसांनी त्याने हेडसाहेबांना पत्र लिहिलं आणि ते चांगल्या अक्षरात उतरवून काढायला माझ्यापुढे ठेवलं. इंग्रजी मला अर्धवटच कळायचं, पण 'मिस्टेक' कळत होतं, 'माय ओन' कळत होतं. पहिली सर्व निरीक्षणं माझ्या चुकीमुळे झालेली आहेत, ती मी मागे घेतो, असं त्यात होतं. मी एकही डाग न पाडता ते उतरवलं. त्याने सही केली, म्हणाला, "छान झालंय." पुढच्या रविवारी तो सायकलवरून जानापावला गेला आणि उरलेले सरडे वरच्या निवडुंगाच्या कुंपणात सोडून आला. मंडलेश्वरच्यांना तो खाली घेऊन गेला की नाही, मला आठवत नाही. संक्रांतीनंतर बाबांचं पत्र आलं आणि फाल्गुनात दादा ग्वाल्हेरला कारकून म्हणून रुजू झाला. रतनजींनी त्याला पेटी करून दिली, कुलपासकट. "भिया, वहाँ भी कुछ पालोगे कि नी?" त्यांनी विचारलं. दादा म्हणाला, "नी रतनजी, अब कुछ नी."

पुढे मी बी.एस्सी. केलं. दादाचीच पुस्तकं माझ्याकडे होती. दुसऱ्या वर्षाला असताना एका तासाला बाईंनी सहज सांगितलं की प्राण्याला काही आठवडे उबेत ठेवलं तर त्याची उष्णता सोसायची ताकद वाढते. थंडीत ठेवलं तर कमी होते. डोंगरावरचा आणि खालचा प्राणी यांच्यातला फरक तपासायचा तर आधी दोघांना सारख्या हवेत ठेवावं लागतं, नाहीतर फरक झाकला जातो. सगळ्या मुली लिहून घेत होत्या. मी लिहिलं नाही. आईने आणि मी मिळून तीन आठवड्यांत जे केलं होतं ते एवढं साधं होतं, आणि दादाने त्या दिवशी मला विचारलं ते बरोबर तेवढंच विचारलं होतं. मी खरं सांगितलं असतं तर त्याचं काम बुडालं नसतंच. उलट त्याच्या हातात एकाच्या जागी दोन गोष्टी आल्या असत्या, एक डोंगराची आणि एक उबेची. घरी आले तेव्हा आई गॅलरीत वाळवण राखत बसली होती. तिला काही सांगितलं नाही. दादालाही नाही. आई आहे तोवर नाही, असं मी ठरवून टाकलं, आणि ते ठरवणं मला फार सोयीचं गेलं.

दादाने ग्वाल्हेरला नोकरी केली, लग्न केलं, संसार चांगला केला. वाईट काही झालं नाही त्याचं. पण तो काही ठामपणे सांगेनासा झाला. बाजारात वजनकाट्याकडे बघून शेजारच्या माणसाला विचारायचा, बरोबर आहे ना? पावसाची चिन्हं दिसत असली तरी म्हणायचा, मला आपलं वाटतंय हो. वहिनी यावरून त्याला चिडवायची आणि तोही हसायचा. मी दिवाळीला जायचे तेव्हा हे सगळं ऐकायचे आणि हसणाऱ्यांत असायचे.

आई चौऱ्याऐंशीची होऊन गेली. तिच्या वर्षश्राद्धानंतर मी दादाला पत्र लिहिलं. बंब, गोणपाट, कट्टा, चारच्या आत पिंजरे परत, माझी वही, सगळं. माफी मागितली. पंधरा दिवस उत्तर नव्हतं. मग एक पोस्टकार्ड आलं. रागाचा एक शब्द नाही, माफीचाही नाही. नुसते प्रश्न होते. पिंजरे आत किती दिवस होते? रोज किती तास? बंबापासून कट्टा किती अंतरावर होता? न्हाणीघरातलं तापमान कुणी कधी पाहिलं होतं का? जो एक सरडा लवकर पडला तो कोणत्या पिंजऱ्यातला? आठवतं ते सगळं लिही, असं शेवटी.

मी तीन दिवस आठवत बसले. गॅलरीतलं तापमान मी रोज दोनदा लिहिलं होतं. न्हाणीघरात मी थर्मामीटर कधी नेलाच नव्हता. मी चार पानं लिहिली: तीनेक आठवडे असावेत, पाच-सहा तास असावेत, हातभर अंतर असावं. ते पाठवताना मला कळत होतं की हे काही खरं उत्तर नाही.

त्याचं दुसरं कार्ड आठवड्यात आलं. 'चि. कुसुम, उत्तर मिळालं. असावेत, असावं यावर काही मांडता येत नाही. पहिल्या खेपेला मी बरोबर पाहिलं होतं, एवढं मात्र कळलं. मी आता बासष्ट वर्षांचा आहे.' खाली सही नव्हती. अर्धं कार्ड कोरंच होतं.